डावीकडची इमारत

तुम्हाला म्हणून सांगतो, नेतृत्व माणसाच्या रक्तात असावं लागतं. माझ्या आहे. आजवर ते रक्तातच राहिलं होतं, बाहेर यायला कुणी वाव दिला नव्हता, इतकंच!

आमची कंपनी लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवते. मी बुकिंगच्या टेबलावर असायचो. फोन घ्यायचा, पत्ता लिहायचा, लिफ्ट आहे का, आरशाची कपाटं किती, कुंड्या न्यायच्यात का, हे सगळं विचारायचं. वर्षानुवर्षं हेच. लोकांची घरं हलली, मी काही हललो नाही! आणि एक दिवस आमच्या जुन्या टीम लीडरची पाठ धरली. फ्रिजखाली वाकलेला माणूस पुन्हा सरळ झालाच नाही. वाकल्या अवस्थेतच त्यानं राजीनामा दिला. साहेबांनी इकडेतिकडे नजर फिरवली. बाकी सगळे कामात होते. मी दिसलो.

"उद्यापासून टीम लीडर तुम्ही," साहेब म्हणाले. "महिनाभर बघू. जमलं तर कायम."

त्या संध्याकाळी मी घरात शिरलो तो टीम लीडरच्या चालीनं. छाती पुढे, हनुवटी वर, पावलं सावकाश.

"पाय मुरगळला का?" बायकोनं विचारलं.

मी तिला बातमी दिली. मग जेवण होईपर्यंत मोबाइलवर नेतृत्वाचे व्हिडिओ पाहिले. एक कोटवाले गृहस्थ हात हलवून हलवून सांगत होते, की खरा लीडर स्वतः ओझं उचलत नाही, खरा लीडर प्रश्न विचारत बसत नाही, आणि घेतलेला निर्णय तर मुळीच बदलत नाही. मी हे सगळं बायकोला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं.

"उचलायचं नाही, विचारायचं नाही, बदलायचं नाही," ती ताट उचलत म्हणाली. "म्हणजे घरी करता तेच! मग जमेल तुम्हाला."

आता तुम्हीच सांगा, बायकोचा एवढा विश्वास असल्यावर माणूस का नाही पेटून उठणार?

सकाळी निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आजचं गिऱ्हाईक साधं नाही. त्यांच्या कंपनीचं अख्खं ऑफिस लवकरच हलणार आहे, आणि ते काम कुणाला द्यायचं हे त्यांच्याच हातात आहे. घर नीट पोचलं, तर ऑफिस आपलं. नाही पोचलं, तर..." एवढं बोलून त्यांनी बुकिंगच्या टेबलाकडे पाहिलं. माझी खुर्ची अजून रिकामीच होती.

"साहेब, निर्धास्त राहा," मी म्हणालो.

माझी टीम चौघांची. गाडी चालवणारे मामा. ते कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नाही, पण सगळी कंपनी त्यांची भाचरं आहे. बांधाबांध करणाऱ्या काकू. त्यांनी गुंडाळलेला काचेचा ग्लास गच्चीवरून फेकला तरी हसत हसत उठून बसेल! आणि उचलाउचलीला दोघं सख्खे भाऊ, थोरला आणि धाकटा. अंगानं दोघंही लोखंडी कपाटासारखे. अडचण एवढीच, की त्या सकाळपासून त्यांचं आपसातलं बोलणं बंद होतं.

गाडीत बसताच मी छोटंसं भाषण केलं. "आजपासून आपली पद्धत बदलली आहे. प्रश्न नकोत, शंका नकोत. मी सांगेन ते करायचं."

"बरं, लीडरसाहेब," मामा म्हणाले आणि गिअर टाकला. गिअरचा आवाज मला जरा उपहासाचा वाटला.

गिऱ्हाइकानं फोनवर खूण सांगितली होती. गेटातून आत आलं की डावीकडची इमारत, चौथा मजला, लिफ्टसमोरचं दार. तिथं पोचलो तर समोरच्या गेटापाशी पाण्याचा टँकर आडवा! ड्रायव्हरचा पत्ता नाही. माझ्या नेतृत्वाला ही पहिली हाक होती. मी एका क्षणात निर्णय घेतला. "मामा, मागच्या गेटानं घ्या!"

काय तो निर्णय! गाडी वळसा घालून मागून आत शिरली, आणि माझ्या मनात त्या कोटवाल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. आत दोन इमारती समोरासमोर, अगदी जुळ्या बहिणी. रंग तोच, गॅलऱ्या त्याच. मी खिडकीतून हात बाहेर काढून रुबाबात बोट दाखवलं. "डावीकडची!"

समोरच्या गेटातून येणाऱ्याचं डावं ते मागच्या गेटातून येणाऱ्याचं उजवं असतं, हे तुमच्या आत्ताच लक्षात आलं असेल. तुमचं बरं आहे, तुम्ही घरी बसून वाचताय!

चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोरचं दार उघडंच होतं. दारावरची नावाची पाटी काढून ठेवलेली. म्हणजे घर सोडायची तयारी झालेली! आत भिंतीवरच्या तसबिरीही उतरवलेल्या. आणि मध्यभागी कमरेवर हात ठेवून एक आजोबा उभे होते. चेहऱ्यावरूनच निवृत्त मुख्याध्यापक. आम्हाला पाहताच त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"उशीर केलात. या! सून सांगून गेली आहे, माणसं येतील, त्यांना सगळं सामान बाहेर काढू द्या."

"सगळं बाहेर काढतो, आजोबा," मी म्हणालो. हे गिऱ्हाइकाचे वडील, हे मी एका नजरेत ओळखलं. नाव विचारायची गरजच भासली नाही.

"कोणता आणलाय?" आजोबांनी विचारलं.

मी खिडकीतून खाली आमच्या ट्रककडे पाहिलं. "निळा."

"निळा? सुनेनं तर पांढरा सांगितला होता!"

"पांढरा दुसऱ्या कामावर गेलाय, आजोबा. पण निळा पांढऱ्यापेक्षा चांगला. टिकाऊ आहे. ऊन-पाऊस काही होत नाही त्याला."

आजोबांनी थोडा विचार केला. "असो. पण एका हातात भागणार नाही, आधीच सांगतो. कमीत कमी दोन हात पाहिजेत!"

मला हसूच आलं. "दोन? आजोबा, आठ हात आणलेत! ही चार माणसं उभी आहेत ना! आणि त्यात माझे दोन धरलेलेच नाहीत."

"आठ हात!" आजोबा मागे सरकून खुर्चीवर बसले. "मागच्या वेळचा तो लबाड दीड हातात पळून गेला होता."

गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत एवढं खूश! मी मागे वळून टीमकडे पाहिलं. काकू काहीतरी बोलणार होत्या, पण मी बोट ओठांवर ठेवलं. शंका नकोत!

मग काम जे सुटलं, ते विचारू नका. काकूंनी स्वयंपाकघर बघता बघता खोक्यांत घातलं. अडचण आली ती मोठ्या कपाटाची. ते लिफ्टमध्ये मावेना, जिन्यानं न्यायचं ठरलं. वरच्या टोकाला थोरला, खालच्या टोकाला धाकटा, आणि दोघांचं बोलणं बंद!

"लीडर, त्याला सांगा, डावीकडे घे," थोरला म्हणाला.

"धाकटे, थोरले म्हणताहेत डावीकडे घ्या," मी सांगितलं.

"त्यांना विचारा, माझं डावं का त्यांचं डावं?"

"थोरले, धाकटे विचारताहेत, कुणाचं डावं?"

तेवढ्यात कपाट दोघांचंही न ऐकता स्वतःच्या डावीकडे गेलं आणि जिन्याच्या वळणावर घट्ट बसलं. वरून येणाऱ्या बाई वर, खालून येणारे गृहस्थ खाली. मी मध्ये, कपाट आणि कठडा यांच्यामध्ये इस्त्री झाल्यासारखा उभा. शेवटी काकू वरून ओरडल्या, "दोघंही गप्प बसा आणि उचला!" कपाट सुटलं. मलाही श्वास घेता आला.

सगळं गाडीत चढल्यावर मी वर आलो. रिकाम्या हॉलमध्ये आजोबा एकटेच खुर्चीत बसून होते.

"ही खुर्ची?" मी हळूच म्हणालो.

"ही नाही द्यायची. मी इथंच बसणार. माझ्या डोळ्यांसमोर काम झालं पाहिजे."

बिचारे! किती वर्षं काढली असतील या घरात! मी गुडघ्यावर बसलो, त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आजोबा, घर सोडताना त्रास होतोच."

"घर कोण सोडतंय?"

"तेच म्हणतो मी! मन सोडत नाही. बसा, हवा तितका वेळ बसा. संध्याकाळी तुमचा मुलगा येईल."

"तो रोजच संध्याकाळी येतो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. मी डोळे पुसले, कंपनीच्या कार्डावर माझा नंबर लिहून ते त्यांच्या हातात दिलं आणि निघालो.

नव्या घरी गिऱ्हाइकाची आई किल्ली घेऊन थांबली होती. सोफा दारातून आत आला आणि त्या माउलीनं दोन्ही हात गालांवर ठेवले.

"नवा घेतला! अहो, शेवटी माझ्या लेकानं तो मेला जुना सोफा टाकला! किती वर्षं सांगतेय, याच्या स्प्रिंगा टोचतात म्हणून!"

मग फ्रिज आला. "हाही नवा!" मग कपाट. "मला बोलला नाही हो काही! घरी आला की बघतेच त्याला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू. हे सामान इथं, ते तिथं, सोफा खिडकीपाशी. आमच्या भावांनी तो सोफा आधी तीन भिंतींना लावून दाखवला. माउली शेवटी त्यावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "आता मी इथून उठत नाही."

मी दारात कमरेवर हात ठेवून उभा होतो. एवढं समाधानी गिऱ्हाईक कंपनीच्या इतिहासात झालं नसेल! तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे खुद्द गिऱ्हाईक.

"अहो, हे काय चालवलंय? मी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होतो. बाहेर येऊन बघतो, तर तुमची माणसं हॉलची भिंत खरवडताहेत!"

"सर, मोठं कपाट असलं की थोडंफार खरवडलं जातंच."

"कपाटाला कुणी हातसुद्धा लावलेला नाही! नुसती भिंत! खरवडायचे पत्रे घेऊन! मी म्हटलं सामान न्या, तर म्हणतात आधी भिंत काढतो!"

"सर," मी अत्यंत शांतपणे म्हणालो, कारण लीडर घाबरत नाही, "माझी सगळी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तुमचं घर इथं व्यवस्थित लागलंय. मातोश्री सोफ्यावर बसल्यात. तुम्ही मीटिंगला जा."

मग फोन बंद. बिचाऱ्यांना कामाचा फार ताण असणार, असं मी काकूंना म्हणालो. काकू एका तसबिरीवरचा कागद सोडत होत्या. निरोपसमारंभाचा फोटो होता. हातात पुष्पगुच्छ घेतलेले आजोबा.

"हे कोण?" गिऱ्हाइकाच्या आईनं विचारलं.

"असं काय करता, आई! तुमचे यजमान!" मी हसत म्हणालो. "तिकडे खुर्चीत बसलेत, उठायला तयार नाहीत."

माउलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "अहो, माझे यजमान जाऊन कितीतरी वर्षं झाली!"

काकूंनी तो फोटो पुन्हा कागदात गुंडाळला. मग थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो त्याच्याशी थेट बोलला.

"पळायचं का?"

"चल!" धाकटा म्हणाला.

पण पळायला वेळ मिळालाच नाही. फोन पुन्हा वाजला. या वेळी आवाज बाईंचा, आणि आवाज कसला, कडाडणारी वीज!

"मी आत्ता जेवायला घरी आले! घरात सासरे आहेत, एक खुर्ची आहे आणि तुमचं कार्ड आहे! बाकीचं घर कुठे आहे?"

"बाई, घर... घर अगदी सुखरूप आहे. फक्त दुसऱ्याच्या घरात आहे."

"मी पोलिसांना फोन लावतेय!"

मागून आजोबांचा आवाज ऐकू आला. "अगं, माणसं चांगली होती! आठ हात देणार होते!"

मी टेकायला जागा शोधली. सोफ्यावर माउली होत्या, म्हणून खोक्यावर टेकलो. आत नेमका मिक्सर होता. तो टोचत होता, पण मी तसाच बसून राहिलो. डोळ्यांपुढे साहेबांचा चेहरा आला, बुकिंगचा फोन घणघणायला लागला. कोटवाल्या गृहस्थांनी या परिस्थितीसाठी एकही व्हिडिओ केलेला नव्हता! आणि मग माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं.

"मामा, आता हो काय करायचं?"

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खांद्यावरचा ओझं उचलायचा पट्टा काढून माझ्या अंगावर टाकला. "आधी हा बांधा. बाकीचं चालता चालता बोलू. त्या बाईंना सांगा, तासाभरात सामान दारात असेल. आणि तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, भिंतीपासून माणसं लांब करा."

मी दोन्ही फोन केले. दोन्हीकडून जे ऐकलं, ते इथं छापता येणार नाही.

सामान पुन्हा गाडीत चढलं. आता मी उचलत होतो. कपाट, गाद्या, खोकी, सगळं! एकच वस्तू अडून बसली, सोफा. कारण त्यावर गिऱ्हाइकाची आई बसली होती.

"मी उठणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना आमचा द्या."

"आई, तो टोचतो ना!"

"म्हणूनच म्हणतेय, त्यांना द्या!"

शेवटी काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघी काय बोलल्या ठाऊक नाही, पण थोड्या वेळानं माउली उठल्या आणि पदरानं सोफ्याचा हात पुसून म्हणाल्या, "न्या. पण कुठल्या दुकानातला ते विचारून सांगा मला."

परत पोचलो तर लिफ्टपाशी डोक्याला रुमाल बांधलेला, पांढऱ्या धुळीनं माखलेला एक माणूस उभा. रंगाऱ्यांचा मुकादम! त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

"आमच्या घरात तुम्ही शिरला होता काय?"

"आणि आमच्या घरात तुम्ही!"

आजोबा रोज फिरायला मागच्या गेटानं जातात. त्यांनी रंगाऱ्यांना फोनवर खूण सांगितली होती, गेटातून आलं की डावीकडची इमारत. रंगारी तो टँकर हलल्यावर समोरच्या गेटानं आले, आणि डावीकडे वळले! तिथं हेडफोन लावलेल्या आमच्या गिऱ्हाइकानं दार उघडून "हॉलपासून सुरुवात करा" असं सांगितलं होतं. ते हॉलपासून सुरुवात करून मोकळे झाले. मुकादमानं आणि मी दोघांनी हात जोडले. एकमेकांना नव्हे, त्या दोन इमारतींना!

आजोबांच्या दारात सूनबाई उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून प्रत्येक खोकं उघडून आत गेलं. एकही कप फुटलेला नव्हता, ही काकूंची कृपा. सामान आतल्या खोल्यांत रचलं, हॉल रंगाऱ्यांसाठी मोकळा ठेवला. बाईंचा राग हळूहळू उतरला. शेवटी त्या म्हणाल्या, "ओट्याखालची जागासुद्धा इतकी स्वच्छ कधी नव्हती." पोलिस तेवढ्यावर टळले!

मग आमच्या खऱ्या गिऱ्हाइकाचं घर. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि खरवडलेल्या भिंतीकडे बोट दाखवलं. मी खाली मान घालून म्हणालो, "सर, चूक माझी आहे. ही भिंत आम्ही रंगवून देऊ. निळी का पांढरी?" तेव्हा कुठे ते किंचित हसल्यासारखे झाले. थोरला आणि धाकटा आता एवढं बोलत होते, की त्यांना गप्प करायची वेळ आली. सगळं सामान उतरलं, चढलं, पुन्हा उतरलं. जुना सोफा आत येताना पाहून माउलींनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगाचा एकही सांधा माझं ऐकत नव्हता. साहेबांनी सगळ्या टीमला केबिनमध्ये बोलावलं. आम्ही रांगेत उभे राहिलो. म्हणजे ते चौघं उभे राहिले, मी जसा वाकलो होतो तसाच राहिलो.

"गिऱ्हाइकाचा निरोप आलाय," साहेब म्हणाले. "ऑफिस आपल्यालाच देताहेत. म्हणाले, तुमची माणसं एका दिवसात दोन घरं तीनदा हलवतात, ऑफिस म्हणजे काहीच नाही."

मी हळूहळू सरळ व्हायला लागलो. बघा! नेतृत्व! शेवटी परिणामालाच महत्त्व असतं! एक-दोन वाक्यं बोलावीत म्हणून मी घसा साफ केला, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

"कोण? हो हो, आजोबा, बोला! कालच्या कामाबद्दल? बोला ना, सगळी टीम समोरच आहे," असं म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"तुमचा तो गाडीवाला हुशार आहे," आजोबांचा मुख्याध्यापकी आवाज केबिनभर घुमला. "बाईंचा हात तर सोन्याचा. ते दोन भाऊही चांगले, जरा बडबडे आहेत. पण मला सांगायचंय ते त्या नव्या हमालाबद्दल. तोच, सकाळी नुसता उभा होता आणि विनाकारण रडला. दुपारनंतर मात्र मन लावून राबला हो! कपाट एकट्यानं ढकलत होता. बोलतो फार, कळतं कमी, पण वृत्ती चांगली आहे. त्याला काढू नका. मामांच्या हाताखाली ठेवा. नीट शिकला, तर पुढेमागे टीम लीडरसुद्धा होईल!"